ख्यालाची मैफल कशी ऐकावी

ख्यालाची मैफल ऐकायला गाण्याचे शिक्षण लागत नाही. दीड-दोन तासांचा निवांत वेळ हवा आणि दोन गोष्टींवर कान ठेवण्याची तयारी हवी: एक षड्ज, दुसरी सम. ज्या स्वरापासून गाणे निघते आणि फिरून जिथे विसाव्याला येते तो ‘सा’ म्हणजे षड्ज. तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे गायक आणि तबलजी एकाच क्षणी येऊन पोचतात, ती सम. या दोन खुणा सापडल्या की मधला विस्तार ऐकताना वाट चुकल्यासारखे होत नाही. रागाचे नाव ओळखता आले नाही म्हणजे गाणे कळले नाही, अशी एक समजूत मराठी घरांत मुरलेली आहे. ती आधी बाजूला ठेवावी. राग ओळखता येणे ही पुष्कळ ऐकल्यानंतरची गोष्ट आहे. पहिल्याच मैफलीत तिच्या मागे लागणारा श्रोता मनातल्या मनात कोडे सोडवत बसतो आणि तेवढ्यात समोरचे गाणे पुढे निघून जाते.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा अवघड नाही. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला महोत्सव दर डिसेंबरात भरतो. तिथे एका सत्रात तीन-चार कलाकार ऐकायला मिळतात, मंडपाबाहेर चहा आणि बटाटेवडे असतात, आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस समेला मान हलवताना दिसतो. नवख्याला तेही शिक्षणच. मात्र सलग पाच-सहा तास ऐकण्याची सवय नसलेला कान तिसऱ्या कलाकारापर्यंत थकतो. तिकीट काढले म्हणून शेवटपर्यंत बसलेच पाहिजे असे नाही. दोन कलाकार नीट ऐकून घर गाठावे. गोव्यात कला अकादमीचा केसरबाई केरकर समारोह आहे. पण पहिल्या दोन-चार मैफलींसाठी छोटी जागाच बरी: मुंबईत दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, कोल्हापुरात देवल क्लब किंवा गावोगावच्या संगीत मंडळांच्या बैठका. तिथे गायक दहा-पंधरा हातांवर असतो, तबलजीची बोटे दिसतात, आणि तानपुऱ्याचा नाद स्पीकरच्या खोक्यातून न येता तानपुऱ्यातून येतो. मोठ्या मंडपात बसायची वेळ आलीच तर स्पीकरच्या तोंडासमोरची जागा टाळावी; तिथे डग्ग्याचा घुमारा गायकाचा खर्ज गिळून टाकतो.

कार्यक्रमाची वेळ बघून गेले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर ठरलेले आहेत: भैरव पहाटेचा, तोडी सकाळची, सारंग भर दुपारचा, भीमपलास दुपार कलल्यावरचा, मारवा आणि पूरिया धनाश्री दिवेलागणीचे, यमन आणि भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचे, मालकंस उशिरा रात्रीचा. बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी होत असल्याने शहरी श्रोत्याच्या कानावर यमन, मारुबिहाग, शुद्ध कल्याण हेच पुन्हा पुन्हा पडतात. ध्वनिक्षेपकांवर वेळेचे बंधन आल्यापासून रात्रभराच्या बैठका आटल्या आणि उत्तररात्रीचे राग आणखी दुर्मिळ झाले. सकाळच्या रागांची मराठी माणसाची सोय दिवाळी पहाटेने करून ठेवली आहे. अशा कार्यक्रमांत भावगीतांचीच गर्दी असते हे खरे, पण ललत किंवा तोडी तिच्या वेळेला ऐकायची संधी वर्षातून एकदा मिळत असेल तर ती सोडू नये.

घरची तयारी थोडीच करावी, पण ती नेमकी असावी. दहा रागांची दहा ध्वनिमुद्रणे ऐकण्यापेक्षा एकाच रागाचे एक ध्वनिमुद्रण आठवडाभर रोज ऐकणे जास्त उपयोगी पडते. यमन किंवा भूप यांपासून सुरुवात करणे सोपे, कारण मराठी कानाला हे राग नकळत पाठ असतात. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्यातले पहिलेच गीत भूप रागावर बांधलेले आहे. ते गुणगुणता येत असेल तर किशोरी आमोणकरांचा भूप ऐकताना ओळखीच्या गल्लीतून फिरल्यासारखे वाटते. जुन्या ७८ आरपीएम तबकड्या मात्र मैफलीची तयारी म्हणून पुरेशा नाहीत. त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकालाही तेवढ्यात रागाचा अर्क काढून द्यावा लागे. मैफलीत तोच राग पाऊण तास चालतो आणि ऐकण्याची खरी गंमत त्या सावकाशीत असते.

पडदा उघडल्यावर पहिली दहा मिनिटे तानपुरे जुळवण्यात आणि तबला लावण्यात जातात. हा वेळ गप्पांसाठी मोकळा सोडला आहे असे अनेकांना वाटते, पण न शिकलेल्या श्रोत्यासाठी मैफलीतला सर्वांत उपयोगाचा वेळ तोच. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमाला लावतात, मधल्या दोन षड्जाला (त्यांना जोड म्हणतात) आणि शेवटची खर्जाच्या षड्जाला. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक धागा सरकवून जवारी काढली जाते. धागा योग्य जागी बसला की कोरडी वाजणारी तार एकदम भरून बोलू लागते. तो बदल शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना ऐकू येतो. तानपुरे चांगले मिळाले की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार आपसूक उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिली तार पंचमाला न लावता मध्यमाला लावताना दिसली तर आज बहुधा पंचम नसलेला राग आहे एवढे तरी कळते. मालकंसाच्या वेळी असेच होते. तबलजी हातोडीने गजऱ्यावर आणि गठ्ठ्यांवर टोले देत तबला गायकाच्या षड्जाला आणत असतो. गायिका काळी चारमध्ये गाणार असेल आणि आधीचा गायक काळी एकचा असेल तर तबलाच बदलावा लागतो, त्याला थोडा वेळ लागणारच.

याच वेळात षड्ज कानात साठवावा. तोंड मिटून, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो स्वर गुणगुणून पाहावा. पुढे गाणे कितीही दूर गेले तरी अधूनमधून मनातल्या मनात या स्वराला हात लावून यायचे. गायक षड्जापासून किती वर गेला, किती वेळ बाहेर राहिला, परत येताना सरळ आला की वळणे घेत आला, एवढे जाणवू लागले की स्वरांची नावे न कळताही गाण्यातला ताण आणि विसावा दोन्ही कळतात.

आता बडा ख्याल, म्हणजे विलंबित, संथ लयीतला ख्याल. समजा गायकाने यमन घेतला. पहिली पाच-सात मिनिटे तो मंद्र सप्तकातल्या निषादाच्या, षड्जाच्या आणि रिषभाच्या आसपासच फिरतो. यमनात वर चढताना षड्जाला बगल देऊन निषादावरून थेट रिषभ आणि मग गंधार घ्यायची रीत आहे, त्यामुळे गंधार येतो तो उंबरठा ओलांडून आल्यासारखा. गंधार लागल्यावर गायक त्याला लगेच सोडत नाही; त्याच्यावर थांबतो, खालून येऊन टेकतो, वरून उतरून टेकतो. मग कधीतरी तीव्र मध्यमाची चुणूक दाखवतो आणि परत गंधारावर येतो. एका-एका स्वराला अशी जागा करून देत वर चढत जाण्याला बढत म्हणतात. ‘तेच तेच गातात’ ही ख्यालावरची नेहमीची तक्रार या टप्प्यावर जन्माला येते. तिच्यावरचा उपाय एवढाच की आता नवा स्वर कोणता आला याकडे लक्ष ठेवायचे. पंधरा-वीस मिनिटांनी गायक निषादाशी रेंगाळत तार षड्जाच्या खाली येऊन थांबतो आणि मुद्दाम वर जात नाही. सभागृहातली हालचाल त्या वेळी थांबते. मग तो तार षड्ज लागतो तेव्हा ‘वाह’ निघते, आणि त्यासाठी यमनाचे व्याकरण माहीत असावे लागत नाही. इतका वेळ वाट पाहिलेली असली म्हणजे पुरे.

शब्द कळत नाहीत, ही दुसरी तक्रार. बंदिशी बहुतांश ब्रजात असतात आणि स्थायी व अंतरा मिळून चार-सहा ओळींच्या पलीकडे जात नाहीत. विषय ठरलेले: विरह, पावसाळा, कृष्ण, देवाची करुणा, क्वचित एखाद्या राजाची स्तुती. गायक शब्द ताणतो, तोडतो, एखाद्या अक्षरावर पूर्ण आवर्तन काढतो. म्हणून सगळे शब्द टिपण्याच्या मागे न लागता मुखडा तेवढा लक्षात ठेवावा. मुखडा म्हणजे बंदिशीची सुरुवातीची, समेवर घेऊन जाणारी ओळ. विस्तार करून झाला की गायक पुन्हा पुन्हा तीच पकडून समेवर येतो, त्यामुळे दहा मिनिटांत ती श्रोत्याला पाठ होते.

सम शोधायला डोळ्यांचीही मदत घ्यावी. डोळे मिटून ऐकणे ही मुरलेल्या श्रोत्याची चैन आहे. नवख्याने ते उघडे ठेवून तबल्याकडे बघावे. विलंबित ख्याल बहुतेक वेळा एकतालात असतो. बारा मात्रांचे एक आवर्तन, अगदी संथ लयीत ते पाऊण मिनिटापर्यंत, क्वचित मिनिटभरही चालते. एवढ्या लांब आवर्तनात मात्रा मोजत बसणे अशक्यच, पण ठेक्यात एक ठळक खूण आहे: ‘तिरकिट’. हा बोल आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. पहिल्या तिरकिटानंतर ‘तूं ना’ असा उघडा, गोल आवाज येतो; दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येते आणि लगेच सम. म्हणजे तिरकिट ऐकू आले आणि पाठोपाठ ‘तूं’ आला नाही तर सम तीन मात्रांवर आली आहे असे समजावे. साधारण याच सुमारास गायक विस्तार आवरून मुखड्याकडे वळतो. दोन-तीन आवर्तने हे बघितले की चौथ्या आवर्तनाला मान आपोआप समेवर पडते. ती पडावी, त्यासाठीच ती मोकळी ठेवायची असते.

बडा ख्याल संपल्यावर बहुधा त्याच रागात छोटा ख्याल येतो, बहुतेकदा द्रुत तीनतालात. इथे सोळा मात्रा हातावर मोजता येतात: पहिलीवर, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी, नववीवर हात उलटा करून खाली. कान ठेवायचा तो डग्ग्यावर. आवर्तनभर घुमणारा डग्गा दहाव्या मात्रेपासून चार मात्रा गप्प होतो आणि चौदावीला परत येतो. तो परतला की तीन मात्रांनी सम. द्रुत लयीत ही जागा आली-गेली इतकी पटकन जाते, पण एकदा जाणवली की आवर्तन अंगात भिनते. तिहाईही इथेच ओळखू येते. एकच तुकडा तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्यांदा त्याचे शेवटचे अक्षर नेमके समेवर ठेवायचे, अशी तिची रचना. पहिल्या दोन खेपा ऐकून तिसरीचा अंदाज बांधण्यात श्रोत्यालाही खेळात भाग मिळतो.

तानांबद्दल, म्हणजे वेगाने घेतलेल्या स्वरांच्या लडींबद्दल, सावध राहावे. वेगाने दिपून जाणे स्वाभाविक आहे, आणि टाळ्याही तिथेच जास्त पडतात. पण चांगल्या तानेत प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो, तिच्या वळणांतही राग दिसतो आणि ती समेवर उतरताना मुखड्याला अलगद मिळते. नुसता धुरळा उडवणारी तान आणि ही तान यांतला फरक न शिकलेला कानही सहा महिन्यांत करू लागतो.

साथीदारांकडे दुर्लक्ष करू नये. संवादिनी, म्हणजे पेटी, गायकाच्या मागोमाग सावलीसारखी चालते. गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत पेटीवाला त्याचे शेवटचे वाक्य परत म्हणतो. नवख्याला याचा मोठा फायदा, कारण एखादी जागा निसटली तरी ती दुसऱ्यांदा ऐकायला मिळते. मागे तानपुऱ्यावर बसलेले शिष्य मधूनच स्वर लावतात. गुरूने शिष्याकडे नजर टाकली, त्याने एक आलाप घेतला आणि गुरूने हसून मान डोलावली, ही घडामोडही मैफलीचाच भाग आहे आणि ध्वनिमुद्रणात ती दिसत नाही.

घराण्यांचा अभ्यास पुढे केव्हाही करता येईल. तूर्त इतके पुरे की किराणा गायकी एकेका स्वरात बुडते, जयपूरची गायकी लयीच्या धाग्यात पेच ओवत चालते, ग्वाल्हेर बंदिशीला धरून मोकळेपणाने गाते आणि आग्रा लयीशी व बोलांशी झुंजते. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, अल्लादियाखाँ कोल्हापुरात, आणि ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी या मुलखात आणली, त्यामुळे ही वेगवेगळी वळणे ऐकायला मराठी श्रोत्याला फार लांब जावे लागत नाही. एकच राग दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकावा. जो जास्त आवडेल त्याच्याकडे झुकायला हरकत नाही. निष्ठेच्या शपथा मात्र घेऊ नयेत.

दाद कशी द्यावी, या चिंतेने काही जण अवघडून बसतात. मनापासून आलेली ‘वाह’ किंवा ‘क्या बात है’ चालते, नुसती मान डोलावणेही चालते. आलाप चालू असताना टाळ्या वाजवू नयेत. त्या चीज संपल्यावर वाजवाव्यात. चालत्या गाण्यात उठू नये, उठावेच लागले तर विलंबित आणि द्रुत यांच्या मधली जागा किंवा दोन रागांमधला वेळ साधावा. मोबाईल बंद ठेवावा, त्यावर चित्रण तर मुळीच करू नये. हातभर वर धरलेल्या उजळ पडद्यामुळे मागच्या चार रांगांची समाधी मोडते, आणि ते चित्रण घरी जाऊन कोणी बघतही नाही.

कंटाळा येतो, तो सगळ्यांनाच येतो. मन भरकटले तर अपराधी वाटून घेऊ नये. तानपुऱ्याकडे कान वळवावा, षड्ज पुन्हा शोधावा, पुढची सम पकडावी. लक्ष तेवढ्यात परत येते. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे असेल तर मागच्या बाजूला, दाराजवळ बसावे आणि तासाभराने निघावे.

दहा-पंधरा मैफली झाल्यावर राग ओळखू येऊ लागतात आणि तेव्हा एक गमतीची गोष्ट कळते. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच: सा, रे, ग, प, ध. तरी भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. देसकार सकाळचा, धैवताला धरून वरच्या अंगाने चालणारा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचीही अशीच सामाईक स्वरसामग्री, पण मारव्यात रिषभ आणि धैवतावर भर देऊन षड्ज इतका लांबवतात की ऐकणारा कासावीस होतो. याचा अर्थ राग स्वरांच्या यादीत नसतो, चालण्यात असतो. ओळखीच्या माणसाला आपण पाठमोऱ्या चालीवरून ओळखतो तसे हे आहे. म्हणूनच सुरुवातीला स्वरांच्या यादीवाचून फारसे अडत नाही.

वाद्याच्या मैफलीत शब्दच नसल्याने काहींना ती अधिक सोपी जाते. सतार किंवा सरोदवर आधी तालाविना आलाप, मग लय धरलेला जोड, मग झाला आणि शेवटी तबल्यासह गत, असा क्रम असतो. आलापात तबलजी हात बांधून बसलेला दिसतो. गत सुरू होताना पहिल्यांदा त्याची थाप पडते तो क्षण चुकवू नये.

मोठ्या रागानंतर ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग येतो आणि शेवटी भैरवी. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल, शिवाय गायकाला इतर स्वर शिंपडण्याची मुभा. त्यामुळे ती कोणत्याही कानाला लगेच आपली वाटते. भैरवीनंतर त्या बैठकीत दुसरा राग गायचा नाही, असा संकेत आहे. ती सुरू होताच वाहनतळाकडे धावणारे श्रोते प्रत्येक सभागृहात असतात. भैरवी बहुधा पाच-दहा मिनिटांचीच असते, तेवढे थांबावे.